पहिली गोधडी विकण्याआधी: कापड धुण्यापासून हिशेबापर्यंत

घरच्या बाळासाठी शिवलेले दुपटे बारशाला आलेल्या एखाद्या बाईच्या हाती पडते, ती ते उलटसुलट करून पाहते, आणि ‘मलाही असे एक शिवून द्या, पैसे काय ते सांगा’ असे म्हणते. गोधडी विकणाऱ्या बहुतेकींची सुरुवात अशीच झालेली असते आणि माझीही तशीच झाली. त्या क्षणी लक्षात येत नाही ते इतकेच, की घरासाठी शिवणे आणि विकण्यासाठी शिवणे ही दोन वेगळी कामे आहेत. घरच्या गोधडीचा रंग गेला, ती एका बाजूने आखडली किंवा टाका उसवला, तरी ती गोधडी घरातच राहते आणि सवडीने दुरुस्त होते. विकलेली गोधडी मात्र आपल्या नजरेआड, अनोळखी घरात, अनोळखी धुलाई यंत्रात धुतली जाते, आणि आपण शिवताना केलेली प्रत्येक कसूर तिथे उघडी पडते.

पुढील मार्गदर्शन ज्यांना धावदोरा नीट घालता येतो, ज्यांनी घरात एक-दोन गोधड्या शिवल्या आहेत आणि ज्यांना आता पहिल्या पाच-दहा गोधड्या विकायच्या आहेत, अशा व्यक्तींसाठी आहे. सुरुवात मोठ्या गोधडीने करू नये. साधारण 36 इंच चौरस आकाराची दुपटी आधी शिवावीत. त्यात कापड कमी लागते, चूक झाली तर नुकसान थोडे होते आणि आपल्या हाताचा वेग किती आहे हे नेमके कळते. हा वेग पुढे किंमत ठरवताना अत्यंत उपयोगी पडतो.

कापडाची पारख

जुन्या सुती साड्या हा गोधडीचा जीव आहे, कारण वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेल्या सुताला जी ऊब आणि जो स्पर्श असतो, तो नव्या कापडाला नसतो. या साड्या घरातून, नातेवाइकांकडून किंवा भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे घेणाऱ्या बोहारणींकडून मिळतात. घेताना प्रत्येक साडी संपूर्ण उलगडून उजेडासमोर धरावी. बसण्याचा भाग आणि जमिनीला घासणारा खालचा काठ हे साडीचे सर्वांत आधी विरणारे भाग असतात. तिथून उजेड जाळीसारखा दिसत असेल, तर तो भाग वरच्या थराला वापरू नये. त्यानंतर कापड दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून आडवे आणि उभे असे दोन्ही बाजूंनी ताणावे. चरकन आवाज येऊन सूत तुटले, तर ती साडी मधल्या थरातसुद्धा घालू नये, कारण ती आत तुकडे होऊन गोळा होते आणि वरून गाठ लागल्यासारखी जाणवते.

साडी सुती आहे असे देणाऱ्याने सांगितले, तरी स्वतः खात्री करून घ्यावी. काठाकडचे दोन-तीन धागे ओढून काढावेत आणि चिमट्यात धरून जाळावेत. सूत कागदासारखे जळते, जळक्या कागदासारखाच वास येतो आणि बोटांनी चुरडली जाणारी मऊ राख उरते; पॉलिस्टर वितळते आणि त्याचा कडक मणी तयार होतो. उभे आणि आडवे धागे वेगळे असू शकतात, म्हणून दोन्हींची चाचणी घ्यावी. ही खटपट दोन कारणांसाठी आवश्यक आहे. ‘शुद्ध सुती’ असे सांगून आपण गोधडी विकणार असू, तर ते विधान खरे असलेच पाहिजे. आणि सुती व कृत्रिम धाग्याचे थर एकत्र शिवले तर धुतल्यावर सुती थर आटतो, कृत्रिम थर तसाच राहतो, आणि संपूर्ण गोधडीवर कायमच्या सुरकुत्या उमटतात. इरकल साडीबाबत विशेष काळजी घ्यावी. तिचे अंग सुती असले तरी लाल टोपपदर बहुधा रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो, त्यामुळे पदर आणि अंग वेगवेगळ्या प्रमाणात आटतात, शिवाय त्या लाल रंगाची परीक्षा केल्याशिवाय तो पांढऱ्याजवळ लावणे धोक्याचे असते.

धुणे, आटणे आणि रंग जाणे

नवशिक्यांच्या हातून सर्वाधिक नुकसान या टप्प्यावर होते, म्हणून याबद्दल मी सविस्तर लिहीत आहे.

नवे सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण 3 ते 5 टक्के आटते, आणि सैल विणीचे हातमागाचे कापड याहूनही अधिक आटू शकते. 90 इंच लांबीत 4 टक्के म्हणजे साडेतीन इंचांहून जास्त. अस्तराला नवे न धुतलेले कापड आणि वर अनेकदा धुतलेली जुनी साडी, अशी गोधडी शिवली तर ग्राहकाने ती प्रथम धुतल्यावर अस्तर आखडते आणि वरच्या बाजूला फुगवटे येतात. हा दोष नंतर कशानेही दुरुस्त होत नाही. संपूर्ण शिवण उसवावी लागते. म्हणून नवे कापड कापण्याआधी गरम पाण्यात साबण घालून धुवावे, त्याची खळ पूर्ण निघू द्यावी, वाळवावे आणि इस्त्री करावी. कापड जुने असले तरी ते धुणे आवश्यकच आहे, कारण ते कोणाच्या घरातून, कोणत्या पेटीतून आले आहे हे आपल्याला माहीत नसते. गरम पाण्यात धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवल्याशिवाय जुने कापड शिवणकामाच्या जागी आणूच नये.

रंगाची परीक्षा याहून महत्त्वाची आहे. गडद लाल, काळा, निळा आणि किरमिजी या रंगांच्या प्रत्येक कापडाचा हाताच्या पंजाएवढा तुकडा घ्यावा, काचेच्या ग्लासात गरम पाणी व थोडी धुण्याची पावडर घालून त्यात तो अर्धा तास ठेवावा, आणि मग तो ओला तुकडा पांढऱ्या सुती कापडावर पसरून तसाच वाळू द्यावा. पाण्याला रंग आला एवढ्याने घाबरण्याचे कारण नाही, कारण नव्या कापडातील जादा रंग पहिल्या दोन धुण्यांत निघतोच. परंतु तीन-चार वेळा धुतल्यावरही पाणी रंगत असेल किंवा खालच्या पांढऱ्या कापडावर डाग उमटत असेल, तर ते कापड फिक्या रंगासोबत वापरू नये. आपल्याकडे रंग पक्का करण्यासाठी कापड मिठाच्या, तुरटीच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवण्याची पद्धत आहे. मीही ती अनेक वर्षे पाळली. पण रंग पक्का होणे वा कच्चा राहणे हे तो कापडावर चढवतानाच ठरलेले असते, आणि नंतर घरात मीठ घालून कच्चा रंग पक्का होत नाही. त्या भिजवण्यावर विसंबून राहिल्यामुळेच माझे पहिले मोठे नुकसान झाले.

ती माझी विकलेली तिसरी गोधडी होती. अजरख छपाईचे गडद लाल कापड आणि दुधी रंगाची जुनी साडी यांचे चौकोन मी आलटून पालटून जोडले होते. कापड एकदाच मिठाच्या पाण्यातून काढले होते. ग्राहक बाईंनी महिनाभर वापरून ती यंत्रात धुतली, ओलीच घडी करून बादलीत तासभर ठेवली, आणि उघडून पाहिले तेव्हा सगळे दुधी चौकोन गुलाबी झाले होते. त्यांनी तक्रारीचा सूर न लावता फक्त छायाचित्र पाठवले आणि ‘असे होते का?’ एवढेच विचारले. मी संपूर्ण रक्कम परत केली आणि गोधडी परत मागवली. सात आठवड्यांचे काम गेले, पण त्या बाईंनी पुढे मला तीन ग्राहक मिळवून दिले, आणि त्या गोधडीवर मी डाग काढण्याची पद्धत शिकले, ती अशी.

रंग उतरलेली गोधडी वाळू देऊ नये आणि तिच्यावर इस्त्री तर मुळीच फिरवू नये, कारण उष्णतेने डाग बसतो. मोठ्या टबात हाताला सोसवणार नाही इतके गरम पाणी भरपूर घ्यावे, त्यात धुण्याची पावडर विरघळवावी, आणि गोधडी पूर्णपणे बुडेल अशी ठेवावी. तिचा कोणताही भाग पाण्यावर तरंगता कामा नये. दहा-बारा तासांनी पाणी बदलावे, आणि पाणी स्वच्छ राहीपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. भरपूर पाणी हे यातील मर्म आहे: सुटलेला रंग पाण्यात विखुरला पाहिजे, पुन्हा कापडावर बसता कामा नये. माझ्या गोधडीचा डाग चौथ्या पाण्यानंतर जवळजवळ गेला. रंग उडवणारे ब्लीच मात्र वापरू नये. ते जुन्या सुताला खाऊन टाकते.

थर पसरणे आणि कच्चा टाका

धुतलेले, इस्त्री केलेले थर स्वच्छ झाडून-पुसून घेतलेल्या जमिनीवर पसरावेत. खाली अस्तर सुलट बाजू जमिनीकडे ठेवून, त्यावर मधले थर आणि सर्वांत वर तुकडे जोडून केलेला थर, असा क्रम असावा. प्रत्येक थर पसरल्यावर मधून कडेकडे तळहाताने हवा काढावी आणि चारही कोपऱ्यांवर वजन ठेवावे. अस्तर वरच्या थरापेक्षा चारही बाजूंनी दोन इंच मोठे ठेवावे, कारण शिवताना ते आत ओढले जाते. मग सुमारे चार-चार इंचांवर लांब कच्चे टाके घालावेत. हे काम कंटाळवाणे वाटते म्हणून नवशिक्या ते टाळतात आणि टाचण्यांवर भागवतात. पण गोधडी मांडीवर घेऊन शिवताना ती सतत वळत-दुमडत असते, टाचण्या सरकतात, आणि अस्तराला मागच्या बाजूने चुण्या पडतात. पावसाळ्यात तर टाचणी दोन-तीन दिवस एकाच जागी राहिली की गंजाचा ठिपका उमटतो. असा ठिपका लिंबाचा रस आणि मीठ चोळून उन्हात ठेवल्यास फिका होतो, मात्र रंगीत कापडावर आधी कोपऱ्यात तो प्रयोग करून पाहावा.

आपल्याकडे पुष्कळ जणी कडेपासून सुरुवात करून चौकटीत चौकट शिवत मध्याकडे येतात. ही पद्धत दिसायला अत्यंत सुंदर आहे, आणि उत्तर कर्नाटकातील सिद्दी समाजाच्या कवंदीत, म्हणजे त्यांच्या गोधडीतही, अशीच कडेकडून आत येणारी शिवण दिसते. परंतु या पद्धतीत सगळा ढिलेपणा मध्यभागी ढकलला जातो आणि शेवटी तिथे फुगा उरतो. ज्यांचा हात अजून बसलेला नाही त्यांनी मध्यापासून कडेकडे समांतर ओळी घालाव्यात. हात बसला, की चौकटीकडे वळावे.

टाके घालताना

दोरा सुती आणि मजबूत घ्यावा. अतिशय मजबूत कृत्रिम दोरा जुन्या कापडाला करवतीसारखा कापतो, आणि दोन वर्षांनी दोरा शाबूत पण कापडाला टाक्याच्या ओळीने चिरा, असे दृश्य दिसते. एका वेळी हातभराहून थोडा लांब दोरा घ्यावा. त्याहून लांब दोरा पिळतो व झिजतो. ओळी आखण्यासाठी कपड्याचा खडू वापरावा. इस्त्रीने पुसल्या जाणाऱ्या शाईच्या पेनांचा मोह टाळावा, कारण त्यांची शाई उष्णतेने फक्त अदृश्य होते आणि खूप थंडीत पुन्हा दिसू लागते. हिवाळ्यात थंड प्रदेशात पाठवलेल्या गोधडीवर तुमच्या आखणीच्या रेषा उमटल्या, तर त्याचे स्पष्टीकरण देणे अवघड जाईल.

बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब कापडावर पडणे हे नेहमीचेच आहे. तो ताबडतोब थंड पाण्याने धुवावा. गरम पाण्याने तो बसतो. पाणी हाताशी नसेल तर दोऱ्याचा तुकडा तोंडात ओला करून त्याने टिपावा, स्वतःच्या रक्तावर स्वतःची लाळ चांगले काम करते.

एक नियम मात्र अपवाद न करता पाळावा. काम सुरू करताना सुया आणि टाचण्या मोजून एका डबीत घ्याव्यात, वहीत संख्या लिहावी, आणि काम संपताना पुन्हा मोजाव्यात. संख्या जुळली नाही तर गोधडी विकायची नाही, सुई सापडेपर्यंत दुसरे काम करायचे नाही. जोरदार लोहचुंबक दोन्ही बाजूंनी फिरवावे आणि मग प्रत्येक वीतभर भाग दोन्ही हातांच्या तळव्यांत हलके दाबून पाहावा. एकदा मोडलेल्या सुईचे टोक शोधण्यात माझी संपूर्ण संध्याकाळ गेली, आणि ते अस्तराच्या शिवणीत सापडले. ते दुपटे तान्ह्या बाळासाठी होते. त्याच कारणासाठी बाळाच्या दुपट्यावर मणी, टिकल्या, घुंगरू किंवा बटणे लावू नयेत, ग्राहकाने आग्रह केला तरीही.

आठवणींच्या साड्या

कधी ना कधी एखादी व्यक्ती पिशवीत साड्या घेऊन येते आणि सांगते, की या माझ्या आईच्या आहेत, ती गेली, यांची गोधडी शिवून द्या. अशा कामाचे पैसे चांगले मिळतात, परंतु पहिल्या दहा गोधड्या पूर्ण होण्याआधी हे काम घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. बाजारातले कापड बिघडले तर दुसरे आणता येते. ही साडी बिघडली तर जगात दुसरी नसते.

मी हे काम लवकर घेतले. दोन बहिणींनी मिळून आईच्या सहा साड्या आणून दिल्या होत्या. मी साड्या उजेडात तपासल्या, धुतल्या, इस्त्री केल्या, आणि आकृतीप्रमाणे चौकोन कापले. एका फिक्या जांभळ्या साडीच्या पदराकडे लहानसे रफू होते. तो भाग सदोष म्हणून मी बाजूला काढून टाकला. गोधडी पाहिल्यावर मोठी बहीण बराच वेळ काहीतरी शोधत राहिली आणि मग तिने विचारले, की आईने स्वतः केलेले रफू कुठे आहे. त्या टाकलेल्या तुकड्यांतून तो पदराचा भाग मला मिळाला, हे केवळ सुदैव; मी तो गोधडीच्या मध्यावर वेगळा जोडून दिला. तुकड्यांची पिशवी त्या आठवड्यात कचऱ्यात गेली असती, तर माझ्याकडे देण्यासारखे काहीही नव्हते.

त्यानंतर मी जी पद्धत ठरवली ती नवोदितांनी पहिल्या दिवसापासून अंगीकारावी. साड्या घेताना प्रत्येकीचे पूर्ण उलगडून छायाचित्र काढावे आणि जिथे डाग, रफू किंवा विरलेला भाग आहे तो दोघांनी मिळून पाहावा. प्रत्येक साडीबद्दल ‘यातील कोणता भाग वरती दिसलाच पाहिजे?’ आणि ‘कोणता भाग कापायचा नाही?’ हे दोन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे त्यांच्यासमोर वहीत लिहून त्यांची सही घ्यावी. साडी धुतली तर तिचा वास जाईल हे आधी सांगावे. काहींना तो वासच हवा असतो, आणि धुण्याआधी एक तुकडा न धुता जपून ठेवण्याची त्यांची इच्छा असते. कापण्याआधी तुकड्यांची मांडणी कागदावर काढून दाखवावी. उरलेला प्रत्येक तुकडा, अगदी चिंधीसुद्धा, गोधडीबरोबर परत द्यावा. अर्धी रक्कम आगाऊ घ्यावी. आणि काही चुकलेच, तर गोधडी पूर्ण होण्याची वाट न पाहता त्याच दिवशी दूरध्वनी करून सांगावे, कारण समोरच्याला उपाय सुचवण्याची संधी त्या वेळी असते, नंतर नसते.

किंमत कशी ठरवावी

किंमत ठरवताना बहुतेक जणी कापडाचा खर्च दुप्पट करतात आणि संपवतात. ही पद्धत गोधडीला लागू पडत नाही, कारण गोधडीत कापड थोडे आणि हात फार असतो. 60 इंच रुंद आणि 90 इंच लांब गोधडी घेऊ. एक-एक इंचावर लांबीच्या दिशेने ओळी घातल्या तर 59 ओळी होतात, म्हणजे 5,310 इंच, सुमारे 135 मीटर धावदोरा. इंचाला चार टाके धरले तर 21,000 हून अधिक टाके. माझ्या हाताला 90 इंचांची एक ओळ पूर्ण करण्यास सुरुवातीला 25 मिनिटे लागत. त्या हिशेबाने केवळ धावदोऱ्याला जवळपास 25 तास लागतात. चौकोन कापणे व जोडणे 8 तास, थर पसरणे व कच्चा टाका 3 तास, कडेची पट्टी 3 तास, म्हणजे एकूण 39 तास.

आता रुपयांत मांडू. अस्तराचे नवे कापड 5 मीटर, 120 रुपये मीटरने 600, वरच्या थरासाठी निवडक तुकडे 400, मधल्या थरांच्या दोन जुन्या साड्या 200, दोरा 80. एकूण साहित्य 1,280 रुपये. तासाला 60 रुपये मजुरी धरली, आणि ती मुळीच जास्त नाही, तर 39 तासांचे 2,340. वीज, इस्त्री, वेष्टन यांचे 200. येथे बेरीज 3,820 होते. यात आणखी 180 रुपये घालून मी किंमत 4,000 ठरवते, आणि ते 180 रुपये खर्च न करता वेगळ्या डब्यात ठेवते. तो माझा चुकांसाठीचा डबा आहे. वीस गोधड्यांमागे त्यात 3,600 रुपये जमतात, म्हणजे जवळजवळ एका गोधडीची किंमत, आणि वीसमध्ये एखादी गोधडी परत येणे किंवा बिघडणे हे मी गृहीतच धरते. हा डबा असल्यामुळे एखाद्या ग्राहकाला पैसे परत करताना हात आखडत नाही आणि घरखर्चाला धक्का लागत नाही. ज्यांच्याकडे हा डबा नसतो त्या चूक मान्य करायला घाबरतात, आणि ग्राहक तिथेच तुटतो.

दुकानात गोधडी ठेवायला दिली आणि दुकानदाराने 30 टक्के मागितले, तर 4,000 मधून आपल्या हाती 2,800 येतात. त्यातून साहित्य व इतर खर्च 1,480 वजा केला तर 39 तासांचे 1,320 उरतात, तासाला 34 रुपयांच्या आसपास. म्हणून दुकानासाठी किंमत आधीच वेगळी ठरवावी, आणि तीच किंमत आपण घरून विकतानाही फार खाली आणू नये. दुकानदाराला ते कळतेच, आणि त्याचा राग रास्त असतो.

‘आमची आजी तर घरीच शिवायची’ असे म्हणून कोणी किंमत कमी करायला सांगेल. ते म्हणणे खरे आहे, आणि त्या आजीच्या कष्टांना कोणी कधी मोल दिले नाही हेही तितकेच खरे आहे. अशा वेळी वाद न घालता टाक्यांची संख्या आणि तास शांतपणे सांगावेत. किंमत कमी करण्यापेक्षा लहान आकाराचे दुपटे किंवा दोन इंचांवर ओळी असलेली गोधडी सुचवावी.

विक्रीची ठिकाणे आणि पैशाची सावधगिरी

पहिल्या दहा गोधड्या ओळखीच्या वर्तुळातच विकाव्यात. बारसे, डोहाळजेवण, रुखवत आणि दिवाळीनंतरची थंडी या वेळांना मागणी असते, म्हणून पावसाळ्यात शिवून ठेवलेला माल कार्तिकापासून बाहेर काढावा. मात्र साठवताना तो प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नये. आत दमटपणा राहतो व बुरशी धरते. सुती कापडात गुंडाळून, मध्ये वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून ठेवावा आणि ऊन पडेल त्या दिवशी बाहेर काढावा. खळ राहिलेल्या कापडाला कसर लागते हेही ध्यानात ठेवावे.

प्रदर्शनाचा विचार त्यानंतर करावा. बचत गटाच्या सदस्य असाल तर महिला आर्थिक विकास महामंडळ किंवा ‘उमेद’ अभियानाच्या तालुका पातळीवरील कार्यालयात चौकशी करावी. मुंबईतील महालक्ष्मी सरस प्रदर्शनात गटांना याच वाटेने जागा मिळते. पुण्यातील भीमथडी जत्रेतही असे काम चांगले विकले जाते. एका गोधडीला ‘हाताळण्याची’ म्हणून वेगळे ठेवावे आणि बाकीच्या घडीतच दाखवाव्यात, नाहीतर तीन दिवसांत विकायचा सगळा माल मळतो. मोकळ्या मैदानात जागा मिळाली असेल तर वर ताडपत्री आणि खाली जमिनीपासून वीतभर उंच फळी हवीच, कारण पाऊस जितका वरून तितकाच खालूनही येतो.

पैसे मोबाइलवरून घेताना समोरच्याच्या फोनवरील ‘रक्कम भरली’ असे दाखवणाऱ्या चित्रावर विश्वास ठेवू नये. आपल्या खात्यात रक्कम जमा झाल्याची खात्री करूनच वस्तू हातात द्यावी. समाजमाध्यमांवरून एखादा अनोळखी माणूस काहीही चौकशी न करता दहा गोधड्यांची मागणी नोंदवतो, आणि आगाऊ रक्कम पाठवण्यासाठी एक क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायला सांगतो. हा फसवणुकीचा सर्रास प्रकार आहे. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

कागदपत्रांचे फार ओझे सुरुवातीला नाही. केवळ वस्तू विकणाऱ्या आणि महाराष्ट्रातच विक्री करणाऱ्या व्यक्तीला वार्षिक उलाढाल 40 लाख रुपयांच्या आत असेपर्यंत वस्तू व सेवा कराची नोंदणी सामान्यतः करावी लागत नाही. परराज्यात किंवा मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेतून विकण्याचे नियम वेगळे आहेत, तेव्हा त्याआधी करसल्लागाराला विचारावे. 1 जुलै 2020 पासून सुरू झालेली ‘उद्यम’ नोंदणी आधार क्रमांकावर, विनामूल्य होते. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाची गरज नाही.

पाठवणी

चार थरांची मोठी गोधडी साधारण दीड किलोच्या आसपास भरते, पण बऱ्याच खासगी कुरियर सेवा वजनाबरोबर आकारमानही मोजतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5,000 ने भागतात, आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्याचे पैसे घेतात. 40 बाय 30 बाय 12 सेंटिमीटरचे पुडके दीड किलोचे असूनही जवळजवळ तीन किलोंचे धरले जाते. म्हणून घडी घट्ट करावी, आत जाड प्लास्टिक आणि बाहेर शिवलेले कापड असे वेष्टन करावे, आणि घडी बंद करण्याआधी दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून ग्राहकाला पाठवावीत. पुडके उघडताना कात्रीने गोधडीच कापली गेल्याची तक्रार मला दोनदा आली आहे. तेव्हापासून मी आत पुठ्ठ्याचा एक थर घालते आणि वर ‘धारदार वस्तू वापरू नका’ असे मोठ्या अक्षरांत लिहिते.

सोबत हाताने लिहिलेली धुण्याची चिठ्ठी द्यावी. पहिल्या तीन वेळा वेगळी धुणे, ओली गुंडाळून न ठेवणे, सावलीत आडवी वाळवणे, या तीन गोष्टी पुरेशा आहेत. लांबलचक सूचना कोणी वाचत नाही.

गोधडी परत आली तर

तक्रार आल्यावर पहिल्या उत्तरात कारण सांगू नये. आधी छायाचित्र मागावे आणि केव्हा उत्तर देऊ तो दिवस सांगावा. मग आपली वही उघडून पाहावी. प्रत्येक गोधडीची एक नोंद असावी: कोणते कापड, कुठून आणले, रंगाची परीक्षा काय निघाली, दोरा कोणता, किती तास लागले, कोणाला विकली. या वहीला त्या-त्या कापडाचा दोन बोटे रुंद तुकडा शिवून ठेवावा. त्याच कापडाची दुसरी गोधडी कुणाकडे गेली आहे हे त्यावरून कळते, आणि तिच्या मालकिणीला तक्रार येण्याआधीच सावध करता येते.

दोष आपला असेल, म्हणजे रंग जाणे, आटणे किंवा टाका सुटणे, तर रक्कम परत करणे किंवा नवी गोधडी देणे यांपैकी निवड ग्राहकाला करू द्यावी. दोष वापरातला असेल, कुत्र्याने ओढली, इस्त्रीने जळाली, तर पहिल्या वर्षी मी साहित्याच्या खर्चात दुरुस्त करून देते आणि पुढे तासाप्रमाणे मजुरी घेते. ठिगळ लावताना मूळ कापडाशी हुबेहूब जुळवण्याचा अट्टहास धरू नये. नवे कापड धुऊन फिके केले तरी ते वेगळे दिसतेच, त्यापेक्षा उठून दिसेल असा एक चौकोन, कडेने बारीक टाके घालून, ग्राहकाला दाखवून लावावा. दुरुस्तीसाठी आलेली गोधडी हातात घेण्याआधी धुऊन द्यायला सांगावी, घेताना तिचे छायाचित्र काढावे, आणि वहीत तिच्या जुन्या नोंदीखालीच नवी तारीख घालावी.